भोपळ्याखालच्या खासदारबाई

माझ्या नवऱ्याला नाही म्हणता येत नाही. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, त्यातली चोवीस इथे मिल्टन कीन्समध्ये गेली, पण या माणसाने कुणाला तोंडावर नकार दिलेला मी पाहिलेला नाही. दारावर खिडक्या विकायला आलेला पोरगा असो की शनिवारी काम गळ्यात मारणारा मॅनेजर असो, हे मान डोलावतात आणि म्हणतात, "हो, हो. बघू ना." हा नागपूरकडचा मोठा स्वभाव आहे, असं माझ्या सासूबाई कौतुकाने सांगायच्या. मी सातारा जिल्ह्यातली. आमच्याकडे माणूस दारात उभा असतानाच त्याला काय ते सांगून टाकतात.

या 'हो'पायी आमच्या घरात आजवर दोन नको असलेली मासिकं आणि एक पाण्याचं फिल्टर आलं, शेजाऱ्यांचं मांजर दोन आठवडे राहून गेलं. पण ज्या वर्षाची गोष्ट सांगते आहे, त्या वर्षी त्यांनी एका निवडणुकीला हो म्हटलं. तेही नेमकं अशा वेळी, की मी त्यांना घराबाहेर काढायचीच बाकी होते.

त्या एप्रिलमध्ये माझी आई आमच्याकडे आली होती. वय एकोणऐंशी, एक गुडघा सोडला तर ठणठणीत. तालुक्याच्या गावी तिने पोस्टात बत्तीस वर्षं काढली, शेवटची आठ पोस्टमास्तर म्हणून. पोस्टातून निवृत्त झाली तरी पोस्ट तिच्यातून निवृत्त झालं नव्हतं. तारीख, शिक्का आणि पोच या तीन गोष्टींवर जग चालतं असं तिचं पक्कं मत. आम्ही लहानपणी तिला "जेवलो" असं सांगितलं तरी ती ताट बघून खात्री करायची.

व्हिसा सहा महिन्यांचा होता. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने तिला विचारलं, किती दिवस राहणार? आईने आपल्या ठेवणीतल्या इंग्रजीत सांगितलं, "सिक्स मंथ्स ओन्ली. नॉट वन डे मोअर." तो हसला आणि म्हणाला, एन्जॉय. आई हसली नाही. तिने शब्द दिला होता.

पहिले चार महिने मजेत गेले. आमच्या गावात मोटारींच्या रस्त्यांपासून वेगळ्या लाल पायवाटा आहेत, त्यांवर ती रोज सकाळी फिरून यायची. रस्त्यांवरचे राउंडअबाउट मात्र तिला पटले नाहीत. "सरळ जायचं असलं तरी आधी गोल फिरायचं, हे काय?" असं ती प्रत्येक वेळी गाडीत म्हणायची. ऑगस्टात एका सकाळी जिना चढता चढता ती मध्येच बसली आणि म्हणाली, "हवा कमी आहे गं इथे." हवा होती. तिच्या फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकली होती.

आठ दिवस हॉस्पिटलात काढून आई घरी आली. जिना चढायला बंदी, म्हणून खालच्या खोलीत, मागच्या बागेकडच्या खिडकीशी तिचा पलंग टाकला. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, की फुफ्फुस साफ झालेलं दिसेपर्यंत लांबचा विमानप्रवास नाही, निदान चार-पाच महिने तरी नाही. आणि व्हिसाची मुदत ऑक्टोबरात संपत होती.

मी लगेच मुदतवाढीचा अर्ज केला. डॉक्टरांचं पत्र जोडलं, प्रत्येक पान दोनदा तपासलं, पाठवलं. त्यानंतर काही नाही. मंजूर नाही, नामंजूर नाही, अर्ज मिळाला एवढं सांगणारी ओळसुद्धा नाही. फोन लावला की संगीत वाजायचं आणि मग फोन आपोआप बंद व्हायचा. एका जाणकार मैत्रिणीने सांगितलं, की वेळेत अर्ज केला असेल तर उत्तर येईपर्यंत राहता येतं, काळजी करू नकोस. पण अर्ज पोचलाच नसेल तर? आईला विमानात बसवलं तर जिवाला धोका. नाही बसवलं, तर तिच्या नावापुढे 'मुदत संपूनही राहिली' असा शेरा. खरं सांगते, आईला या दुसऱ्या गोष्टीचीच भीती जास्त वाटते आहे असं मला वाटायचं, आणि त्याचा मला संताप यायचा.

रोज सकाळी दारात टपाल पडलं की आतून आवाज यायचा, "पोच आली का गं?"

"नाही, आई."

"रजिस्टर करून पाठवायला हवं होतंस."

"ऑनलाइन असतं आई सगळं आता."

"म्हणूनच," असं म्हणून ती भिंतीकडे तोंड करायची.

एके दिवशी तिने जाहीर केलं, की आपण बॅग भरून ठेवली आहे. वरच्या खोलीतली तिची ती मोठी निळी बॅग तिने आधीच खाली मागवून घेतली होती, ती आता जावयाकडून पलंगाखाली ठेवून घेतली. बॅगेला पट्टा, पट्ट्याला कुलूप, आणि वर ठसठशीत अक्षरांत गावाकडचा पत्ता. माझ्या हातून रोज केर काढताना झाडू त्या बॅगेला लागायचा. "मुदतीच्या दिवशी उत्तर आलं नाही तर मला विमानात बसव," ती म्हणायची. "पोलीस दारात आलेले मला चालायचे नाहीत. माझी बॅग भरलेली आहे." मी चिडून म्हणायचे, की डॉक्टरांनी सांगितलंय ते ऐकलंस ना? त्यावर तिचं एकच, "माझी बॅग भरलेली आहे." तिला मरणाची भीती वाटत नाही आणि माझी पर्वा नाही, असं मी मनात धरून बसले होते.

अशात आमच्या मतदारसंघात पोटनिवडणूक लागली. जुन्या खासदारांनी प्रकृतीच्या कारणाने राजीनामा दिला होता. आमचे पासपोर्ट अजून भारताचेच, पण आपण राष्ट्रकुलातले, म्हणून इथे राहत असलो की मत देता येतं. यादीत नाव असलं की दारावर माणसं येणारच. तीन पक्षांची तीन टोळकी आठवड्याभरात येऊन गेली. तिघांनाही दार ह्यांनीच उघडलं आणि तिघांनाही म्हणाले, "यस, यस. शुअर." तिघांनीही हातातल्या कागदावर आमच्या घरापुढे खूण केली आणि आनंदाने पुढे गेले.

मी विचारलं, "अहो, मत एक असतं माणसाला. तिघांना कसं दिलंत?"

"दिलं कुठं? म्हटलं फक्त. बिचारे पावसात हिंडून राहिले न."

चौथ्यांदा दार वाजलं तेव्हा उजव्या विचारांच्या उमेदवार स्वतः आल्या होत्या. पन्नाशीच्या, उंच, कोटावर निळ्या रिबिनीचं फूल, पायात चिखलाने भरलेले बूट. मी आतून ऐकत होते. बाईंनी आपली भूमिका सांगितली. गावाबाहेरच्या शेतांवर नवी घरं बांधू द्यायची नाहीत, शाळेत मोबाइलला बंदी, रस्त्यावर पोलीस दिसले पाहिजेत. आणि बाहेरून येणाऱ्यांचे व्हिसा कमी करायचे, ज्याची मुदत संपली त्याने त्या दिवशी परत जायचं, सबबी चालणार नाहीत. हे सगळं त्यांनी गोड न करता, सरळ सांगितलं. आणि आमचे हे, ज्यांची सासू मुदत संपत आलेल्या व्हिसावर दहा पावलांवर झोपलेली होती, ते म्हणाले, "यस, यस. व्हेरी गुड."

मग बाईंनी विचारलं, तुमच्या बागेत माझा बोर्ड लावला तर चालेल का?

"व्हाय नॉट," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर आमच्या पुढच्या हिरवळीत खांब रोवून भला मोठा निळा बोर्ड उभा. त्यावर बाईंचा हसरा फोटो, खाली नाव. सगळ्या गल्लीत एकच. समोरच्या आजोबांनी मला हात करून अंगठा दाखवला. वीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच इतक्या प्रेमाने बघितलं.

मी दारातच ह्यांच्यावर तुटून पडले. "आई आत झोपलीय, आणि तिला हाकलणाऱ्या बाईची पाटी तुम्ही दारात लावून घेतलीत? लाज नाही वाटली?" मला आठवतं, की मी इतकी ओरडले की घसा बसला. आतून आईचा आवाज आला, "कसली पाटी? ते पत्रक आण इकडे."

आईने बाईंचं पत्रक भिंगातून तासभर वाचलं. तिच्याकडे पोस्टातली सवय म्हणून एका टोकाला लाल आणि एका टोकाला निळी अशी पेन्सिल असायची. मोबाइलबंदीपुढे तिने निळी खूण केली. पोलिसांपुढे निळी. शेतांवर घरं नकोत, यावर लाल फुली. "मग माणसं राहणार कुठं? हिला विचार." आणि मुदत संपली की परत जावं, या ओळीपुढे तिने दोन निळ्या खुणा केल्या.

"आई, ही तुझ्याबद्दल बोलतेय!"

"मग? बरोबर बोलते. पाहुण्याने पाहुण्यासारखं राहावं. मी पोस्टात असताना पाच वाजून एक मिनिटाला आलेल्याचं पार्सल घेतलं नाही. मग तो सरपंच का असेना."

आता माझ्या घरात एक जण सगळ्यांना हो म्हणणारा, आणि दुसरी स्वतःच्या हकालपट्टीवर खुणा करणारी. मी कुणाशी भांडायचं? मी बोर्डाशी भांडले. दोन दिवसांनी सकाळी तो उपटला, खांब वेगळा केला आणि मागच्या बागेत नेला. तिथे माझा लाल भोपळा चांगला धरला होता, पण ओल्या मातीला टेकून खालून कुजायच्या बेतात होता. बोर्ड आडवा टाकला आणि त्यावर भोपळा ठेवला. बरोबर बाईंच्या तोंडावर. इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी मी आईशी पहिल्यांदा नीट बोलले.

मतदानाच्या दिवशी आम्ही दोघं जवळच्या प्राथमिक शाळेत गेलो. चिमुकल्या खुर्च्या भिंतीला लावून ठेवलेल्या, कुणीतरी आपलं कुत्रं बाहेर बांधलेलं. ओळखपत्र दाखवलं, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारली. मी बाईंच्या विरोधातल्या सद्गृहस्थांना मत दिलं. तेही मला फारसे आवडत नव्हते, बोलताना वाक्य अर्धवट सोडायचे, पण निदान बॅग भरा म्हणत नव्हते. ह्यांनी कुणाला दिलं ते मी विचारलं नाही. विचारून काय, हो म्हणाले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईची पेज ढवळत होते तेव्हा रेडिओवर निकाल सांगितला. बाई निवडून आल्या होत्या. मी गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिले. आता दाद तरी कुणाकडे मागायची? आई आतून म्हणाली, "आली का निवडून? येणारच. अक्षर स्वच्छ होतं पत्रकाचं."

मुदतीला दोन आठवडे उरले, तेव्हा त्या जाणकार मैत्रिणीने सांगितलं, की तुझ्या खासदाराकडे जा. इथे खासदार दर शनिवारी लोकांच्या अडचणी ऐकायला बसतात, अडकलेल्या कागदांची चौकशी करणं हे त्यांचं कामच असतं. मी म्हटलं, मी त्यांना मत दिलेलं नाही. ती म्हणाली, त्याचा काय संबंध?

मला पटेना. आमच्याकडे पुढाऱ्याकडे जायचं म्हणजे आधी ओळख काढायची, कुणाची तरी चिठ्ठी घ्यायची, आणि आपण तुमचीच माणसं असं सांगायचं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, अंगातच होतं. शनिवारी मी एकटी गेले. लायब्ररीच्या मागच्या खोलीत टेबलापलीकडे बाई बसल्या होत्या, शेजारी टिपणं घेणारा एक मदतनीस. मी खुर्चीत बसले आणि तोंड उघडलं ते असं, "आम्ही तुम्हालाच मत दिलं. आमच्या बागेत तुमचा बोर्डसुद्धा आहे."

नवऱ्याला आयुष्यभर टोमणे मारणारी मी! कानापर्यंत तापले. दुसरं वाक्य तर अगदी खोटंही नव्हतं, आणि तेच जास्त लाजिरवाणं होतं.

बाई म्हणाल्या, "ते मला सांगायची गरज नाही. काय अडलं आहे ते सांगा."

मी सांगितलं. मध्येच रडू आलं, तेही आवरलं नाही. त्यांनी तारखा विचारल्या, अर्जाचा क्रमांक उतरून घेतला, डॉक्टरांचं पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, तुमच्या आईच्या वतीने विचारायचं तर त्यांच्या संमतीची सही लागेल. मी पेन उचललं आणि म्हटलं, "द्या, मी करते त्यांची सही. घरी मीच करते सगळीकडे."

मदतनीसाचं पेन थांबलं. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मला पाच वाजून एक मिनिटाला पार्सल घेऊन आलेला तो सरपंच आठवला. "नाही," त्या म्हणाल्या. "सही त्यांचीच हवी. त्यांना येता येत नसेल तर मी येते. मंगळवारी तुमच्याच बाजूला शेतांची बैठक आहे."

घरी येऊन मी हे सांगितलं तर आईने लगेच फर्मान सोडलं, की माझी हिरवी साडी काढ आणि चहा उकळू नकोस, त्यांना दूध वेगळं लागतं. मला भोपळ्याची आठवण मंगळवारी सकाळी झाली, तीसुद्धा दारात गाडी थांबल्यावर. आईच्या खिडकीतून मागची बाग सगळी दिसते. पडदा ओढावा म्हणून मी धावले, पण आई म्हणाली, "उजेड राहू दे. सही करायची आहे मला."

बाई आल्या. पलंगाशेजारच्या खुर्चीत बसल्या. आईने त्यांना नमस्कार केला आणि उशीखालून त्यांचंच पत्रक काढून, भिंग लावून, एकेक मुद्दा घेतला. शेतांवर दोघींचं जुंपलं. आईचं इंग्रजी तोकडं, पण "व्हेअर विल पीपल लिव्ह?" हे तिने तीन वेळा विचारलं आणि तिन्ही वेळा बाईंना नवीन उत्तर द्यावं लागलं. शेवटी व्हिसाचा मुद्दा आला. आई ताठ बसली आणि म्हणाली, "यू आर राइट. गेस्ट मस्ट गो ऑन डेट. माय बॅग इज रेडी." आणि पलंगाखाली बोट दाखवलं.

हे कोपऱ्यात उभे होते, त्यांनी मान खाली घातली.

बाईंनी बॅगेकडे पाहिलं, मग आईच्या दंडावरच्या सुयांच्या निळ्या डागांकडे. म्हणाल्या, "नियम पाळावेत असंच माझं म्हणणं आहे आणि ते बदललेलं नाही. पण ज्याला प्रवास करता येत नाही त्याने मुदतीच्या आत विचारावं, हाही नियमच आहे. तुम्ही विचारलंत. आता उत्तर देणं त्यांचं काम आहे, आणि नियम त्यांनाही लागू आहेत."

मी ते मराठीत सांगितलं. आईने भिंग खाली ठेवलं. मग मला म्हणाली, "म्हणजे ही पोच मागणार." आणि कागद पुढे ओढून, एकेक अक्षर वळवत, तिने सही केली. खाली तारीख घातली. तारखेखाली रेघ मारली.

निघताना बाईंची नजर खिडकीबाहेर गेलीच. भोपळा आता चांगला घागरीएवढा झाला होता आणि त्याच्या एका बाजूने फोटोतला अर्धा चेहरा आणि एक कान दिसत होता. मला वाटलं, आता गेलं सगळं.

"तो बोर्ड," मी म्हटलं, "मीच उपटला. आणि मत मी तुम्हाला दिलेलं नाही. शनिवारी खोटं बोलले."

हे घाबरून माझ्याकडे बघत राहिले. बाई मात्र हसल्या, अगदी मोकळ्या हसल्या. म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांनी मी कोण हे सांगायच्या आधीच हो म्हटलं होतं. तेव्हाच मी हे घर पक्क्या मतांच्या यादीतून वगळलं. भोपळा छान आहे." आणि चिखलाचे बूट पायात चढवून गेल्या.

मुदत शनिवारी संपत होती. गुरुवारी टपाल पडलं. मी पाकीट तिथेच, दारातल्या पायपुसण्यावर उभी राहून फाडलं. आईला मार्चअखेरपर्यंत राहायची परवानगी मिळाली होती. मी भिंतीला टेकले आणि हळूहळू खालीच बसले. मला हसू येत होतं की रडू ते कळेना, मी दोन्ही करून घेतलं.

"पोच आली का गं?" आतून आवाज आला.

"आली, आई. पोच पण आली आणि उत्तर पण आलं."

तिने पत्र हातात घेतलं, आधी तारीख पाहिली, मग शिक्का शोधला. शिक्का नव्हता, त्याबद्दल नापसंती दाखवली. मग डोळे मिटून पडून राहिली. तिचा श्वास मला ऐकू येत होता, लांब आणि सावकाश. म्हणाली, "त्या बाईंना भोपळ्याची फोड दे पाठवून. पण घरांचं तिचं चुकलंच."

मी म्हटलं, "आधी ही तुझी बॅग उघडते. दोन महिने माझ्या डोळ्यांत खुपतेय." उशाशी ठेवलेली किल्ली घेतली, पलंगाखाली वाकले आणि बॅग जोर लावून ओढली. इतका जोर लावला, की मी बॅगेसकट मागे कोलमडले. बॅग हलकी होती. कुलूप काढलं, पट्टा सोडला, झाकण उघडलं. तळाला गावाकडचं वर्तमानपत्र अंथरलेलं आणि डांबराच्या दोन गोळ्या. बाकी काही नाही. एक साडीसुद्धा नाही.

"आई, ही तर रिकामी आहे."

आई खिडकीकडे बघत होती. मग तिने पदर तोंडाशी नेला आणि बारीक आवाजात म्हणाली, "भरायला घेतली होती. एक साडी ठेवली की धाप लागायची. वाटायचं, वाटेतच जाईन. तुला कसं सांगू?"

मी तिच्या पायांशी डोकं टेकवून बसले. इतके दिवस मी हिला कठोर समजत होते. तिचा हात माझ्या केसांत आला. थोड्या वेळाने ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "वर नेऊन ठेव ती. झाडताना अडचण होते तुला."

संध्याकाळी हे आल्यावर मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. मी भोपळा चिरत होते, सुरी हातातच होती.

"बॅग तुम्हीच पलंगाखाली ठेवली होती ना? तुम्हाला ती हलकी लागली नाही?"

"लागली न."

"मग बोलला का नाहीत मला?"

ह्यांनी भोपळ्याची एक फोड उचलली, इकडून तिकडून पाहिली आणि परत खाली ठेवली.

"त्या म्हणाल्या, भरलेली आहे," हे म्हणाले. "मी म्हटलं, हो."